शेवरीची रेघ

"रेघ बघा, वकीलसाहेब, रेघ!" असे म्हणून शेजारच्या सरांनी कोळशाचा तुकडा माझ्या भिंतीवर ओढला, तेव्हा त्या भिंतीला चुना देऊन आठवडासुद्धा झाला नव्हता.

दोन गोष्टींचा खुलासा आरंभीच करतो. मी वकील नाही. ज्याच्याजवळ सनद असते तो वकील. मी धाराशिवच्या न्यायालयात कारकून म्हणून लागलो आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. ही दुरुस्ती मी त्यांना तोंडी आणि लेखी अशी दोन्ही प्रकारे अनेकदा कळवली होती. दुसरी गोष्ट अशी की ती भिंत माझी आहे. ती सामाईक नाही. माझ्या हद्दीच्या आत, माझ्या खर्चाने बांधलेली आहे, आणि मोजणीच्या नकाशात तसे स्पष्ट दिसते. तिची एक बाजू त्यांच्या अंगणाकडे तोंड करून उभी आहे, एवढ्यावरून ती बाजू त्यांची होत नाही.

ते आमच्या गावच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते. गल्लीत सगळे त्यांना 'सर' म्हणत, मीही म्हणत असे. किरकोळ अंगाचा, एक डोळा किंचित मिटून जगाकडे पाहणारा मनुष्य. समोरच्या माणसाला बसवून त्याचे चित्र काढत आहोत, अशाच थाटात ते बोलत. आणि जो कोणी घाईत, रागात किंवा भीतीत दिसेल त्याला त्यांचे एकच सांगणे असे, "हात मोकळा सोडा." रिक्षा शिकणाऱ्याला, दुधात पाणी घालताना पकडलेल्या गवळ्याला, इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरला. वर्गात मुलांना सांगून सांगून ते वाक्य त्यांच्या जिभेवर घट्ट बसले होते. तुमच्याही शेजारात असा एखादा असेल. नोकरी संपते, पण तिच्यातले एखादे वाक्य घरी येऊन राहते.

भिंतीबाबत मी त्यांना नोटीस पाठवली. नोंदणीकृत डाकेने, पोचपावतीसह. ते बाजूच्या घरात राहत होते हे खरे. परंतु हातात दिलेला कागद आणि डाकेने दिलेला कागद यांच्यात पुराव्याच्या दृष्टीने जो फरक आहे, तो मी त्या न्यायालयात आयुष्यभर पाहिलेला आहे. सदर भिंत पूर्ववत पांढरी करून द्यावी, अन्यथा पुढील कारवाई करणे भाग पडेल, असा मजकूर होता. त्यांनी पोस्टमनला चहा पाजला, पोचपावतीवर सुरेख सही केली आणि नोटीस घेऊन माझ्याकडेच आले.

"अक्षर लई देखणं हाय तुमचं," ते म्हणाले. मग कागद उलटा करून त्याच्या पाठीवरून बोट फिरवले. "पण हे बघा. 'अतिक्रमण' मागच्या बाजूनं बोटाला लागतंय. इतकं दाबून कशाला लिहायचं? हात मोकळा सोडा."

"भिंत कधी पांढरी करणार ते सांगा."

"करू की. आधी कोळसा तर ठरू द्या."

आता हा कोळसा कशासाठी, ते सांगितले पाहिजे.

त्या हिवाळ्याच्या तोंडावर त्यांच्या दारात एक टेम्पो थांबला आणि त्यातून चार हमालांनी कण्हत-कुथत एक प्रचंड, हिरवीगार, अंड्याच्या आकाराची वस्तू उतरवली. तिला झाकण होते, खाली वाऱ्याची खिडकी होती, वर धुराचे तोंड होते. आतून जाड चिनी माती. गल्ली जमा झाली. कोणी म्हणाले पाण्याची टाकी, कोणी म्हणाले धान्याची कणगी. सरांच्या पत्नीने, म्हणजे वहिनींनी, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला, "रांजण हाय. झाकणाचा रांजण. माहेरी आमच्या मुरुमला आसले मोप हुते, फकस्त हिरवे नव्हते."

तो रांजण म्हणजे कोळशाच्या धगीवर आणि धुरावर मांस भाजण्याची परदेशी पद्धतीची भट्टी होती, आणि ती त्यांच्या मुलाने पाठवली होती. मुलगा परदेशात एका मोठ्या हॉटेलात मुख्य आचाऱ्याच्या हाताखाली होता. त्याच्या आणि सरांच्या बोलण्याला किती वर्षे झाली होती ते कोणी मोजत नसे. पोराचा हात बापापेक्षा सरस, असे बापच सांगत असे. त्याला चित्रकलेच्या महाविद्यालयात प्रवेशही मिळाला होता. ऐन वेळी त्याने हॉटेलचा अभ्यासक्रम धरला. एसटी स्टँडवर निरोप देताना सर म्हणाले, "जा. तो हात कांदे चिरायलाच दिला होता देवानं." पोरगा गाडीत बसला आणि तेव्हापासून दोघांचे सगळे बोलणे वहिनींमार्फत चालले होते. फोन कानाला लावून त्या अंगणात उभ्या राहत आणि दोन्हीकडचे सांगत.

"तो इचारतोय, गुडघ्याचं कसंय."

"त्याला सांग, गुडघा गुडघ्याच्या जागी हाय."

"मी काय टेलिफोनची तार हाय व्हय? बोला की तुमचं तुमी!"

येळवशीला मुलगा येणार, असा निरोप त्याच तारेतून आला. येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावास्या. त्या दिवशी अख्खा जिल्हा शेतात जाऊन जेवतो आणि गावात कुत्रेसुद्धा उरत नाही. निरोप ऐकून सरांनी त्या रात्री जेवताना जाहीर केले की येळवशीच्या दुसऱ्या दिवशी ह्या रांजणात आपण स्वतः भाजणार, आणि त्यानं बसून खायचं. वहिनींनी मला हे भिंतीवरून सांगितले. सांगताना त्या हसत होत्या, पण पदर डोळ्याला लावत होत्या.

"भाऊजी, ह्यांनी जन्मात कधी चहा उकळला न्हाय. आन पोरगं तर आचारी."

मी म्हणालो, "वहिनी, त्यांना तोंडाने माफी मागता येत नाही, म्हणून हा मार्ग आहे."

"मला कळत न्हाय का ते? पण कच्चं ऱ्हायलं तर?"

तेवढे एकच भय होते, आणि ते रास्त होते. भट्टीबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका मी वाचून दिली. मी ती कायद्याचे कलम वाचावे तशी वाचली, कारण दुसरी कोणती पद्धत मला येत नाही. लाकडाचाच कोळसा वापरावा. तो कठीण लाकडाचा असावा. मोठे तुकडे तळाशी, लहान वर, भुकटी बिलकुल नको, कारण ती वाऱ्याची वाट अडवते. रॉकेल किंवा तत्सम द्रव टाकू नये, कारण चिनी माती तो वास कायमचा धरून ठेवते. हे शेवटचे ऐकून सर खूष झाले. "म्हणजे माझ्यावाणीच हाय की. एकदा धरलं की सोडत न्हाय."

आणि मग कोळशाचा शोध सुरू झाला, ज्याची किंमत माझ्या भिंतीने मोजली.

ते कोणत्याही दुकानात जात, पोत्यातून तुकडा उचलत, खिशात घालत आणि घरी येऊन माझ्या चुन्यावर एक आडवी रेघ ओढत. दुकानाच्या भिंतीवर का नाही, असे मी विचारले. ते म्हणाले, "त्यांचा चुना खरबरीत हाय. तुमची भिंत कागदासारखी हाय. इतकी मन लावून कोण बांधतं!" ही स्तुती आहे की गुन्ह्याची कबुली, हे ठरवायला मला वेळ लागला, तोवर आणखी दोन रेघा वाढल्या होत्या.

एका दुकानदाराने त्यांना विचारले, "सर, कोळसा घ्यायचाय का पेंटिंग काढायचंय?"

सर म्हणाले, "ज्याला रेघ चांगली, त्याला जाळ चांगला. काळं म्हंजे कसं गाभ्यापस्तोर काळं पायजे."

पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या वड्याही त्यांनी आणून पाहिल्या. त्या भुकटी आणि खळ एकत्र दाबून केलेल्या निघाल्या; रेघ उमटेना, भिंतीवर नुसता चुरा सांडला. मी खोके पाहिले आणि माझे मस्तक फिरले. उत्पादकाचा पत्ता नाही, निव्वळ वजन नाही, आणि वर छापले आहे 'शुद्ध'. शुद्ध काय? शुद्ध कशाच्या तुलनेत? वैधमापन निरीक्षकांना मी त्याच दिवशी पत्र लिहिले. अद्याप उत्तर आलेले नाही. दोन स्मरणपत्रे गेलेली आहेत.

शेवटी कोणी सांगितले की बेंबळीच्या पुढे एक कुटुंब कोळसा पाडते. आम्ही दोघे माझ्या स्कूटरवर गेलो. ओढ्याच्या कडेला मातीने लिंपलेली भट्टी धुमसत होती, शेजारी कोळशाचे ढीग होते, आणि ढिगाजवळ एक माणूस व त्याची म्हातारी आई बसली होती. येथे मी एक वाक्य उच्चारले, ज्याबद्दल सर मला मरेपर्यंत चिडवत राहिले. मी उतरलो आणि विचारले, "वाहतूक परवाना आहे का?"

कायद्याने कोळसा हा वनोपज आहे, मग तो जंगलातून आणलेला असो वा नसो. त्याच्या वाहतुकीचे नियम आहेत. विकत घेणाऱ्याने विचारणे हे त्याचे कर्तव्यच आहे. मी आजही त्या मतावर ठाम आहे.

तो माणूस ताडकन उभा राहिला. "साहेब, म्या कोळसा पाडतच न्हाय."

त्याच्या पाठीमागे भट्टी धूर सोडत होती.

"मग हे काय आहे?"

"ही... राख हाय, साहेब."

"एवढी काळी राख?"

"आमच्याकडं काळीच ऱ्हाती."

म्हातारीने तेवढ्यात एका ढिगावर पोते ओढले आणि त्यावर बसकण मारली. आम्हाला वनखात्याची माणसे समजून ती दोघे आता काहीही विकणार नव्हती. मी ओळखपत्र काढू लागलो, तसे प्रकरण आणखी बिघडले. सरांनी माझा हात धरून खाली केला. ते काही न बोलता धुळीत मांडी घालून बसले, एक कोळसा उचलला आणि समोरच्या सपाट दगडावर म्हातारी काढली. पोत्यावर फतकल मारून, खजिन्यावर बसावी तशी बसलेली. चार-सहा रेघांत. म्हातारीने वाकून पाहिले.

"आगं बया, ही मी व्हय? नाक केवढं काढलंय!"

"नाक हाय तेवढंच काढलंय, आजी."

तिचा मुलगा हसला. म्हातारी हसता हसता पोत्यावरून उठली. मग चहा झाला. चहात धुराचा वास होता.

ढीग दोन होते. एक बाभळीचा. दुसरा मोडून टाकलेल्या पानमळ्यातल्या शेवरीचा. पानवेलींना आधार म्हणून लावलेली शेवरी कोणीतरी उपटून दिली होती. कोणता चांगला, असे मी विचारले. तो माणूस म्हणाला, "कोंचाबी न्या. सगळा काळाच हाय." सरांनी खिशातून कागद काढला. बाभळीचा तुकडा कागदावर कर्रकर्र करत गेला आणि राखाडी ओरखडा उमटला. शेवरीचा तुकडा फिरवला आणि सर थांबलेच. रेघ कशी, तर काजळासारखी. मऊ, दाट, कडेला विरत गेलेली.

"पुस्तिकेत 'कठीण लाकूड' असे शब्द आहेत," मी म्हणालो.

"पुस्तिका लिहिणाऱ्यानं कधी रेघ ओढली होती का?"

'कठीण' या शब्दाची व्याख्या पुस्तिकेत दिलेली नव्हती, हे खरे. आम्ही शेवरी घेतली. ते पोते इतके हलके होते की मला तेथेच शंका यायला हवी होती.

येळवशीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मला बोलावणे आले. मी शाकाहारी आहे. माझ्यासाठी वांगी बाजूला ठेवली होती. मुलगा आला होता. उंच, शांत, बोलण्याआधी पाहणारा. एक डोळा तोही किंचित मिटतो, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिले. बापाने त्याला खुर्ची दाखवली. तीही हातानेच, शब्दाने नाही. तो बसला आणि दोन्ही पंजे मांड्यांखाली दाबून बसला, जणू ते आपोआप उठून कामाला लागतील.

सरांनी शेवरी भरली. तेलात बुडवलेली कापसाची वात पेटवली. जाळ असा सुरेख धरला की सरांनी माझ्याकडे विजयाने पाहिले. काळ्या मसाल्यात माखलेली बोकडाची तंगडी जाळीवर ठेवली, झाकण लावले. थोड्या वेळाने उघडून पाहिले. पुन्हा लावले. पुन्हा उघडले. काढत असलेल्या चित्रापासून मागे सरून पाहावे, तसे ते दर थोड्या वेळाने पाहत होते. प्रत्येक वेळी आत वारा शिरत होता, शेवरी भराभर जळत होती, आणि मुलाच्या खुर्चीचा पाय अंगणात किंचित पुढे सरकत होता.

मग धग बसली. सरांनी आणखी कोळसा ओतला. भडकला, आणि तोही बसला. त्यांनी सुरी खुपसली. वरून काळी झालेली तंगडी आत लालभडक कच्ची होती.

सरांनी सुरी उपसली आणि तशीच हातात धरून उभे राहिले. त्या मनुष्याला एवढा उघडा पडलेला मी कधी पाहिला नव्हता, आणि पाहायची इच्छाही नव्हती.

वहिनी म्हणाल्या, "आरं, सांग की त्यांन्ला कायतरी! तुझं कामच हाय न्हवं ते?"

मुलगा उठला. मला वाटले, आता तो भट्टीकडे जाईल. तो पोत्याकडे गेला. शेवरीचा एक तुकडा उचलला, तळहातावर झेलून पाहिला, आणि माझ्या भिंतीसमोर जाऊन उभा राहिला. तेथे बापाने महिनाभर ओढलेल्या रेघा एकाखाली एक होत्या. त्यांच्या शेजारी त्याने एक रेघ ओढली. लांब, न थांबता, एका श्वासात.

सर सुरी खाली ठेवायचे विसरले. घर सोडल्यापासून त्या हाताने रेघ ओढलेली नव्हती.

"अण्णा," मुलगा म्हणाला, भिंतीकडे पाहतच, "रेघ लई भारी हाय. पण हा कागदाचा कोळसा हाय. आगीला टिकत न्हाय." मग तो बापाच्या रेघांवरून नजर फिरवत खाली आला आणि सर्वांत खालच्या रेघेवर बोट ठेवले. रेघ कसली, चुना खरवडून गेलेला ओरखडा. "हा कुणाचा?"

सरांनी क्षणभरही विचार केला नाही. "कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचा. बाभळीचा. लई भिकार. भिंत कापून गेला."

"तोच पायजे."

मी स्कूटर काढली. हे काम कोणी मला सांगितले नव्हते. इस्त्रीवाल्याकडे पोते मागितले आणि सवयीने पावती मागितली.

"कोळशाची पावती? वकीलसाहेब, कपड्याची तरी कधी मागितली का?"

"मागितली होती. तू दिली नाहीस."

"मग ह्याचीबी देत न्हाय. न्या तसाच."

मी नेला. विनापावती. आयुष्यात प्रथमच.

परत आलो तेव्हा बापलेक भट्टीपाशी उकिडवे बसले होते. मुलाने मोठे तुकडे तळाशी लावले, चाळणीतून भुकटी झटकून टाकली. बाभळीने धरायला वेळ घेतला, पण धरली ती धरली. सर झाकणाला हात घालणार, तोच मुलगा म्हणाला, "अण्णा, हात मोकळा सोडा." सरांनी हात असा मागे घेतला जणू वर्गात कोणी छडी उगारली. मग ते इतके हसले की खोकला लागला, आणि वहिनी आत निघून गेल्या.

मांस भाजायला उन्हे कलेपर्यंतचा वेळ होता. त्या वेळात मुलाने उरलेली शेवरी घेऊन माझ्या भिंतीवर बाप काढला, भट्टीवर वाकलेला, एक डोळा मिटलेला. सर मागे उभे राहून पाहत होते. मग म्हणाले, "कोपर चुकलंय."

"मग करा की दुरुस्त."

त्यांनी पोराच्या हातातून तुकडा घेतला आणि कोपराची एक रेघ ओढली. मुलाची पहिली रेघ मात्र पुसली नाही. मी हे सर्व पाहत होतो आणि माझ्या भिंतीबद्दल एक शब्दही बोललो नाही. वांगी उत्तम भाजली गेली होती, एवढे नमूद करतो.

सर पुढच्या उन्हाळ्यात गेले, दुपारी, वर्तमानपत्र वाचता वाचता. तोवर दर रविवारी फोनवर बापलेकांचे भट्टीवरून भांडण चाले, आणि वहिनी "माझी तार कापली एकदाची" म्हणून सांगत हिंडत. नंतर मुलगा परत येऊन पुण्याला स्थायिक झाला. आईला आणि रांजणाला घेऊन गेला. बाजूचे घर विकले गेले. आता तेथे बँकेत नोकरी करणारे एक गृहस्थ राहतात.

सरांना दिलेली नोटीस मी मागे घेतलेली नाही. भिंत पूर्ववत पांढरी करण्याची माझी मागणी कायद्याने अजून उभी आहे. दरम्यान दिवाळीला रंगारी आला, त्याला मी फाटकातूनच परत पाठवले. कोळसा चुन्यावर फार टिकत नाही. पावसाची झड लागते. म्हणून भिंतीवर त्या बाजूने मी पत्रे टाकून घेतले. पत्रे वीतभर शेजारच्या अंगणावर गेले आहेत. त्याला इलाज नव्हता. चित्रातले कोपर खाली येते, आखूड पत्र्याने तेथे झड लागली असती.

गेल्या आठवड्यात बँकेच्या गृहस्थांची नोटीस आली. नोंदणीकृत डाकेने, पोचपावतीसह. मजकूर निर्दोष आहे. आपल्या हद्दीबाहेर आलेले पत्रे काढून घ्यावेत, अन्यथा पुढील कारवाई करणे भाग पडेल. मी पोस्टमनला चहा पाजला.

उत्तर आज सकाळी लिहिले. सदर अतिक्रमण मला मान्य आहे, पत्रे काढले जाणार नाहीत, आपण योग्य त्या न्यायालयात जावे. तारखेला मी हजर राहीन. सही केली. मग कागद उलटा करून पाठीवरून बोट फिरवले. कुठेच काही लागले नाही.